स्वतःचं घर लांब की भाड्याची खोली जवळ?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही समजेल. तुम्ही मानखुर्दला वस्तीत भाड्याने राहता, भाडं ७,०००. चार वर्षांत तीन खोल्या बदलल्या. तुम्ही कुर्ल्याला गोदामात कामाला, पगार १९,०००. पत्नी चेंबूरला चार घरची कामं करतात, त्यांचे ९,०००. मुलगी सातवीत, मुलगा दुसरीत, आणि मुलाला पावसाळ्यापासून खोकला आहे तो जात नाही. साठवलेले ३ लाख आणि १४ लाखांचं कर्ज मिळून नेरळजवळ १७ लाखांचं वन आरके बसतं, असं एजंट म्हणतो. दुसरीकडे मानखुर्दलाच पुनर्वसनाच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ९,००० भाड्याने घर मिळतंय. कुठे जावं, आणि स्वतःचं घर झालं की गरिबी, आजारपण आणि मुलांच्या शाळेचे हाल खरोखर संपतात का, असं तुम्ही विचारलंय.

मी गोवंडी-मानखुर्दच्या वसाहतींमध्ये २३ वर्षं काम करते. घर सुटलेली, घर मिळालेली आणि मिळालेलं घर गमावलेली कुटुंबं पाहिली आहेत. उत्तर लांबेल, पण त्याआधी एक गोष्ट, जी घराच्या निर्णयासाठी थांबू शकत नाही.

मुलाला उद्याच महापालिकेच्या आरोग्य केंद्रात न्या. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे टीबीची तपासणी करायचीच, असा साधा नियम आहे. तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट असतात. कदाचित टीबी नसेलही. ओलीने होणारा बाळदमा असेल, धुराची ॲलर्जी असेल. पण लहान मुलांत टीबी मोठ्यांसारखा दिसत नाही. वजन वाढत नाही, संध्याकाळी अंग कोमट लागतं, मूल खेळता खेळता बसतं, आणि आपण म्हणतो अशक्त आहे. तुमच्या किंवा मागच्या खोलीत, शेजारी कुणाला टीबी होता का, हेही डॉक्टरांना आठवून सांगा. आणि टीबी निघालाच तर निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात, त्यासाठी बँक खातं जोडून घ्या.

आता घराकडे वळू.

तुम्ही प्रश्न ‘स्वतःचं की भाड्याचं’ असा विचारलाय. एजंट ‘हप्ता झेपेल का’ असा विचारतो. माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे. घर घेऊन झाल्यावर तुमच्या हातात काय उरतं? पैसे किती उरतात, दिवसाचे तास किती उरतात, घरात उजेड-वारा किती येतो, आणि मुलं त्याच शाळेत किती वर्षं राहतात. घराचा संबंध गरिबीशी, आरोग्याशी आणि शिक्षणाशी या चार गोष्टींतूनच येतो. नावावर असलेलं घर या चारही गोष्टी खाऊ शकतं, आणि भाड्याची खोली त्या सांभाळू शकते. उलटही होतं.

पैशांपासून सुरू करू. १४ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १२,६०० बसतो. तुमच्या दोघांच्या २८,००० मध्ये तो झेपेल असं कागदावर दिसतं. पण नेरळला गेल्यावर २८,००० राहतात का? तुमचा पगार राहील. पत्नीचे ९,००० राहणार नाहीत. चेंबूरच्या घरांत त्यांना सकाळी साडेसातला पोहोचावं लागत असणार. नेरळहून कुर्ल्याला लोकलने दीड तास तरी धरा, तिथून हार्बर बदलून पुढे. कर्जतच्या गाड्या कल्याणच्या गाड्यांसारख्या दर पाच-सात मिनिटांनी नसतात, एक चुकली की पुढची गाडी येईपर्यंत एका घरचं काम गेलेलं असतं. मी पाहिलंय की पहिल्या तीन महिन्यांत चारातली दोन घरं सुटतात, सहा महिन्यांत उरलेली दोनही. म्हणजे हिशेब १९,००० मधून १२,६०० वजा, असा करायचा. उरले ६,४००. त्यात चौघांचं पोट, सोसायटीचा मेंटेनन्स, वीज, शाळा, औषधं. त्याशिवाय घर घेताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे लाखभर तरी वेगळे लागतील, ते एजंटने सांगितले का ते विचारा. लोकलचा पास स्वस्त असतो हे खरं, पण रोजचे तीन-चार तास पासाच्या किमतीत धरलेले नसतात.

तिथे त्यांना दुसरं काम मिळेल का? मिळू शकेल. नेरळ, बदलापूर, वांगणी भागात नवीन वस्ती वाढतेय, पण घरकामाला बाई ठेवणारी कुटुंबं तिथे चेंबूरइतकी नाहीत आणि दरही तेवढा नाही. हे अगदी परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचं गोदाम उद्या भिवंडी किंवा अंबरनाथला हललं, किंवा पत्नी घरी बसून शिवणकाम करत असत्या, तर मी कदाचित उलट सल्ला दिला असता. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने वांगणीला घर घेतलं आणि त्यांचं चांगलं चाललंय. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत आहे, बायको ब्लाउज शिवते. त्यांचं काम घराबरोबर गेलं. तुमचं काम मागे राहतंय.

हे फक्त माझं निरीक्षण नाही. अहमदाबादला १९८७ साली विडी कामगार बायकांसाठी घरांची सोडत झाली होती, शहराच्या मध्यापासून साधारण १२ किलोमीटरवर. अर्ज केलेल्या ४९७ जणींपैकी ११० जणींना घर लागलं. चौदा वर्षांनी संशोधकांनी लागलेल्या आणि न लागलेल्या, दोन्ही कुटुंबांना गाठलं. घर लागलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश तिथे राहायलाच गेल्या नव्हत्या, आणि आणखी साधारण तेवढ्याच जणी जाऊन परत आल्या होत्या. घर जास्त चांगलं होतं, पण उत्पन्न वाढलं नव्हतं, मुलांच्या शिक्षणातही फरक पडला नव्हता. नातेवाईक, शेजार, अडीनडीला हातउसने पैसे देणारी माणसं मात्र तुटली होती. बारा किलोमीटरवर हे झालं. नेरळ ते कुर्ला सत्तरच्या आसपास आहे.

पण मग घरामुळे काहीच होत नाही का? होतं. मुंबईत म्हाडाच्या सोडतीत घर लागलेल्यांचा असाच अभ्यास झाला, तेव्हा घर लागलेल्या कुटुंबांत शिक्षण आणि रोजगार दोन्ही वाढल्याचं दिसलं. फरक का पडला असावा? मला वाटतं, कारण इथे घर लागलेल्या माणसाला स्वतः तिथे जाऊन राहण्याची सक्ती नव्हती. तो घर भाड्याने देऊन कामाच्या जवळ राहू शकत होता. म्हणजे घराने त्याची ताकद वाढवली, त्याला बांधून ठेवलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गरिबीबद्दल अजून एक हिशेब करा, जो कुणी करत नाही. चार वर्षांत तीन खोल्या बदलल्या त्याचा खर्च लिहून काढा. दर वेळी दलालाला एक महिन्याचं भाडं, टेम्पो, मालकाने रंगाच्या आणि नळाच्या नावाखाली डिपॉझिटमधून कापलेले पैसे, नवीन खोलीत पत्रा किंवा लाद्या दुरुस्त करणं, दोघांचे बुडलेले दिवस. मी लोकांना हे वहीत लिहायला लावते तेव्हा एका बदलाला बारा ते पंधरा हजारांच्या खाली आकडा क्वचित येतो. बहुतेकांनी त्यासाठी मंगळसूत्र गहाण ठेवलेलं असतं किंवा भिशी आधी उचललेली असते. तुमचे तीन बदल म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास गेले. गरिबी अशी भाड्याच्या आकड्यातून दिसत नाही, ती दर वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्यातून मुरते.

आता आरोग्य. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमचा दुसरा पर्याय, पुनर्वसनाच्या इमारतीतला दुसरा मजला, मला नेरळइतकाच खटकतोय.

मुंबईत १९९५ साली एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजना, सुरू झाली. झोपडीच्या बदल्यात पक्कं घर फुकट, सुरुवातीला २२५ चौरस फूट, पुढे २६९, आता ३००. घर पक्कं झालं, संडास आत आला, नळ आत आला. याला कमी लेखू नका. रात्री सार्वजनिक संडासापर्यंत जावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी न पिणाऱ्या मुली मी रोज बघते, आणि घरात संडास आल्यावर त्यांच्या लघवीच्या तक्रारी कमी झालेल्याही पाहिल्या आहेत. पण जमीन कमी, घरं जास्त. नियमात हेक्टरमागे किमान ५०० घरं बसवा असं होतं, नंतर ते ६५० झालं. शब्द नीट वाचा, किमान. आणि दोन इमारतींमधलं अंतर अनेक ठिकाणी तीन मीटरवर आलं.

तीन मीटर म्हणजे काय, ते एका घरात सांगते. सात मजली इमारत, तळमजला, दुपारी बाराचा सुमार. दारातून आत गेले तर डोळ्यांना काही दिसेना. ट्यूबलाइट चालू होती, ती सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत चालूच असते असं त्या ताई म्हणाल्या. खिडकी बंद होती, कारण बाहेरच्या हाऊसगल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळात, वरच्या मजल्यांवरून कचरा पडतो आणि उंदीर आत येतात. धुतलेले कपडे घरातच दोरीवर वाळत होते, म्हणजे वाळत नव्हतेच. फ्रिजच्या वर खिळ्याला एक्स-रेचा पिवळा लखोटा लटकवलेला. मुलाचं पुस्तक काढायला गेले तर भिंतीला लागून असलेल्या सगळ्या वह्यांच्या कडा काळ्या पडलेल्या, बुरशीने. रेशनकार्डावरचा नंबर वाचायला मला मोबाइलचा टॉर्च लावावा लागला.

त्या घरात त्यांना पाठवणारी मीच होते. सोडतीत त्यांना पाचवा मजला लागला होता. आजींचे गुडघे गेले होते, लिफ्ट महिनोन्महिने बंद असायची, म्हणून तळमजल्याच्या कुटुंबाशी अदलाबदल करून द्यायला मी मदत केली. दोन वर्षांत थोरल्या मुलाला टीबी झाला, मग आईला. टीबी त्या खोलीनेच झाला असं मी सिद्ध करू शकत नाही. पण तेव्हापासून मी कुणालाही घर सुचवण्याआधी खिडकी बघते.

पुढे डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने आयआयटी मुंबईच्या संशोधकांबरोबर आमच्याच एम-पूर्व वॉर्डातल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला: लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी. जिथे उजेड आणि वारा कमी, तिथे टीबीचं प्रमाण जास्त, आणि खालचे मजले त्यात पुढे, असं त्यातून समोर आलं. पीएमजी कॉलनीत इमारतींमध्ये मोकळी जागा बरी आहे, तिथे चित्रही बरं होतं. कारण साधं आहे. टीबीचे जंतू खोकल्याबरोबर हवेत तरंगत राहतात. वारा असेल तर ते बाहेर जातात, ऊन असेल तर मरतात. बंद अंधाऱ्या खोलीत दोन्ही होत नाही आणि सहा माणसं तीच हवा रात्रभर घेत राहतात.

हे शहराला माहीत नव्हतं असंही नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तो मुळात अंधाऱ्या, दाट वस्त्यांत हवा-उजेड आणण्यासाठी. त्या ट्रस्टने पुढे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम वापरला. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली तर ती साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभी नसावी. सोप्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. तळ धरून आठ मजल्यांची इमारत बावीस मीटर धरली तर अकरा मीटर. आपण तीनवर आलो. शंभर वर्षांपूर्वी चाळी बांधणाऱ्यांना जे कळलं होतं ते आपण गरिबांच्या घरांबाबत विसरलो, याचा मला आजही राग येतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या मजल्याबद्दल मी आत्ता हो म्हणणार नाही. खोली बघायला दुपारी बाराच्या सुमाराला जा. संध्याकाळी गेलात तर सगळ्याच खोल्या सारख्या दिसतात. दिवा बंद करायला सांगा आणि खिडकीपासून सगळ्यात लांबच्या भिंतीशी वर्तमानपत्र वाचून बघा. दोन इमारतींच्या मध्ये उघडणारी खिडकी असेल तर त्याच वसाहतीत रस्त्याच्या किंवा मैदानाच्या बाजूची, चौथ्या मजल्यावरची किंवा त्यावरची खोली शोधा. लिफ्ट चालते का हे एजंटला विचारू नका, तिसऱ्या मजल्यावरच्या म्हातारीला विचारा. पाचशे रुपये भाडं जास्त पडलं तरी चालेल. तुमच्या मुलाचा खोकला बाळदमा निघाला तरी हाच सल्ला, कारण ओल आणि बुरशी त्यालाही तितकीच वाईट.

शिक्षणाचा भाग लोक सगळ्यात शेवटी धरतात, आणि त्यात नुकसान सगळ्यात उशिरा दिसतं.

आमच्या अभ्यासिकेत एक मुलगी यायची. तिच्या वहीवरच्या लेबलवर नाव, इयत्ता, विषय असायचा, शाळेचं नाव मात्र कधीच नसायचं. एकदा विचारलं तर म्हणाली, ‘आत्ता नाही लिहीत, दिवाळीनंतर लिहीन.’ तिला सहा वर्षांत चौथी शाळा होती. दिवाळीपर्यंत खोली टिकते की नाही हे तिला आधी बघायचं होतं. अशी मुलं शाळेत जातात, हजेरी लागते, पण कुठल्याच शाळेत मुरत नाहीत. भागाकार एका शाळेत सुटतो, अपूर्णांक दुसऱ्या शाळेत आधीच होऊन गेलेले असतात. बाईंना मूल माहीत व्हायला चार महिने लागतात आणि तोपर्यंत ते निघून जातं. आठवी-नववीत हे सगळं एकदम वर येतं, आणि मग घरचे म्हणतात, डोकं नाही हिला.

तुमची मुलगी सातवीत आहे, म्हणून अमेरिकेतला एक प्रयोग सांगते. १९९४ ते ९८ या काळात तिथल्या पाच शहरांत, सोडत काढून, गरीब वस्तीतल्या कुटुंबांना कमी गरीब वस्तीत राहायला भाड्याची मदत दिली. मोठ्यांची कमाई वाढली नाही, तब्येत मात्र सुधारली. जी मुलं तेरा वर्षांच्या आत असताना तिकडे गेली, ती पंचविशीच्या आसपास सुमारे ३१ टक्के जास्त कमावत होती. तेरानंतर गेलेल्यांना काही फायदा झाला नाही, झालं तर थोडं नुकसानच. तिथली परिस्थिती इथे जशीच्या तशी लागू होत नाही. पण मोठ्या मुलांचं रुजलेलं मुळापासून उपटलं की नव्या जागेचा फायदाही ते भरून काढू शकत नाही, हे मला इथेही दिसतं. तुमच्या मुलीसाठी आत्ताची शाळा दहावीपर्यंत टिकणं, हे घराच्या मालकीपेक्षा मोठं आहे. मुलगा लहान आहे, त्याला अजून वेळ आहे.

शाळेत टिकण्यासाठी कागद लागतो, आणि तो कागद घरातून येतो. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खाजगी शाळांत राखीव असलेल्या, २५ टक्के जागांसाठी भाडेकरूंना नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. वस्तीत कुणी तो करून देत नाही, म्हणून आमच्याकडची कितीतरी पात्र मुलं अर्जच भरू शकत नाहीत. तुमच्या मुलाची ती संधी पहिलीला होती, ती गेली. पण करार इतर ठिकाणीही लागतो: रेशनकार्डावरचा पत्ता, आधार, शिष्यवृत्ती, बँक. आणि खोली बदलताना कुणी शाळेत ‘दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाही’ म्हणालं, तर शांतपणे सांगा की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखल्याला उशीर हे प्रवेश नाकारायचं कारण होऊ शकत नाही. मी हे कागदावर लिहून बायकांच्या हातात देते, उपयोग होतो.

आता कराराबद्दल, कारण इथे तुमच्या हातात खरोखर काहीतरी आहे. सगळीकडे अकरा महिन्यांचाच करार होतो, जणू कायदाच तसा आहे. तसा नाही. अकरा महिन्यांची चाल पडली ती मुळात नोंदणी टाळण्यासाठी. पण महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला नेहमीचा भाडेकरार, पाच वर्षांपर्यंतचा करता येतो. मग अकरा महिन्यांत मालकाला मिळतं काय? फक्त दर वर्षी भाडं वाढवायची आणि माणूस काढायची सोय. तुम्ही दोन किंवा तीन वर्षांचा करार मागा, दर वर्षीची भाडेवाढ त्यातच लिहून टाका. मालक भाडेवाढीची खात्री मिळाली तर पुष्कळदा तयार होतो. नोंदणीचा खर्च तुम्ही उचला, तो एका दलालीपेक्षा खूपच कमी असतो. आणि करार संपायची तारीख ३१ मे ठेवा. अकरा महिन्यांचं चक्र दर वर्षी एक महिना मागे सरकतं, आणि मग खोली सहामाही परीक्षेत सुटते.

पण सावध राहा. पुनर्वसनाच्या घरांना पहिली काही वर्षं विकायला किंवा भाड्याने द्यायला कायद्याने बंदी असते. ज्याच्या नावाचं अलॉटमेंट लेटर आहे तोच माणूस तुमच्याशी बोलतोय का, आणि बंदीची मुदत संपलीय का, हे सोसायटीच्या सेक्रेटरीकडून समजून घ्या. मुदतीतलं घर असेल तर तपासणी आली की आधी भाडेकरू बाहेर निघतो. कुणी तीन लाख हेवी डिपॉझिट द्या आणि भाडंच देऊ नका असं म्हणालं, तर तुमच्या साठवलेल्या पैशाला हात लावू नका. असे पैसे बुडालेली कुटुंबं माझ्याकडे दर वर्षी येतात, आणि कागद नसल्यामुळे मी त्यांना फार काही करून देऊ शकत नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर तुमच्यासाठी मी काय करेन ते सांगते. नेरळ आत्ता नको. मुलीची दहावी होईपर्यंत, म्हणजे सुमारे चार वर्षं, मानखुर्द-चेंबूर पट्ट्यात उजेडाची, नोंदणीकृत कराराची भाड्याची खोली. ९,५०० पर्यंत गेलात तरी पत्नीचे ९,००० हातात राहतात, तुमचा प्रवास अर्ध्या तासाचा राहतो. ते ३ लाख बँकेत मुदत ठेवीत ठेवा आणि चार वर्षं न बदललेल्या खोल्यांचे वाचलेले पैसे त्यात टाकत राहा.

स्वतःच्या घराचा विचार सोडू नका, त्याची वेळ बदला. म्हाडाच्या प्रत्येक सोडतीला तुमच्या उत्पन्न गटात अर्ज भरा. तुमचं वार्षिक उत्पन्न ३,३६,००० होतं, त्यामुळे कुठल्या गटात बसता ते त्या वेळच्या जाहिरातीत बघा, एजंटच्या सांगण्यावर भरू नका. घर लागलंच आणि लगेच राहायला जाणं जमत नसेल, तर ते भाड्याने देता येतं का, त्याची परवानगी काय लागते, हे म्हाडातच विचारा. लागलेल्यांना फायदा झाला तो माझ्या मते याच मोकळिकीमुळे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान आहे, जास्तीत जास्त १.८० लाख, पाच हप्त्यांत. अट अशी की देशात कुठेही तुमच्या, पत्नीच्या किंवा लग्न न झालेल्या मुलांच्या नावावर पक्कं घर नको. गावाकडचं घर वडिलांच्या नावावर आहे की तुमच्या, ते आधी सातबारा आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर बघून घ्या. आणि घर घेताना पत्नीचं नाव लावाच. नवरा गेल्यावर किंवा सोडून गेल्यावर घराबाहेर पडलेल्या बायकांना जागा शोधून देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

हा सगळा निर्णय तुम्ही एकट्याने घेताय असं पत्रावरून वाटतंय. पत्नीला विचारा की चेंबूरच्या चार घरांपैकी किती घरं त्यांना गमवायची नाहीत, आणि मुलीला विचारा की तिची कुठली मैत्रीण तिला गणित समजावते. त्यांची उत्तरं माझ्या हिशेबाशी जुळली नाहीत तर त्यांचं ऐका. खोली बघून आलात की मजला, खिडकीची बाजू आणि करारातल्या तारखा मला लिहून पाठवा, मी बघून सांगते. मुलाचा रिपोर्ट त्याआधी पाठवा.